द्राक्षबागेत वाचलेलं ‘आफ्टर व्हर्च्यू’

तत्त्वज्ञ ॲलस्डेर मॅकिन्टायर यांचं ‘आफ्टर व्हर्च्यू’ हे सद्गुणांवरचं इंग्रजी पुस्तक विकत घ्यावं का, असं ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहिते. घ्यावं. मात्र पहिल्या पानापासून ओळीने वाचायचा हट्ट धरू नये, आणि लेखक म्हणतो ते सगळं मुकाट्याने मान्यही करू नये.

मी दिंडोरी तालुक्यातली द्राक्ष बागायतदार. लग्नाआधी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, सासरी आल्यावर बाग शिकले. आमच्या वेळी नीतिशास्त्राच्या पेपरात दोन मोठी माणसं असायची, कांट आणि मिल. एक कर्तव्याचा नियम सांगणार, दुसरा सुखाची बेरीज मांडणार. ॲरिस्टॉटल ग्रीकांच्या प्रकरणात येऊन जायचा, परीक्षा झाली की त्याचं कुणी नाव काढत नसे. धीर कुठून येतो, प्रामाणिकपणा अंगात मुरतो म्हणजे काय होतं, माणूस चांगला घडतो कसा, हे पेपरात कधी विचारलं नाही. घरात आणि बागेत मात्र हेच प्रश्न रोज पुढ्यात असायचे.

हे प्रश्न इंग्रजी तत्त्वज्ञानात परत आणण्याचं पहिलं श्रेय ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांना जातं. 1956 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मानद पदवी द्यायला निघालं. हिरोशिमा-नागासाकीवर बाँब टाकायला लावणाऱ्याचा सन्मान कसला करता, म्हणून या बाई विरोधात उभ्या राहिल्या. दोनच वर्षांनी, 1958 मध्ये, त्यांचा ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ हा निबंध आला. त्यांचं म्हणणं असं: नीतीचा कायदा देणारा ईश्वर आपण बाजूला ठेवला, पण ‘केलंच पाहिजे’ ही कायद्याची भाषा मात्र तशीच चालू ठेवली. फौजदारी कायदा आणि न्यायालयं रद्द होऊन विसरली गेली तरी ‘गुन्हेगार’ हा शब्द लोकांच्या तोंडी राहावा, तसं ते झालं. मग फिलिपा फूट, आयरिस मर्डॉक अशा एकेक जणी पुढे आल्या. 1981 साली मॅकिन्टायर यांचं हे पुस्तक आलं आणि सद्गुणांची चर्चा तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेरही पोचली.

मॅकिन्टायर 1929 मध्ये ग्लासगोत जन्मले आणि 2025 च्या मे महिन्यात गेले. तरुणपणी मार्क्सवादी होते, हे पुस्तक आलं त्याच सुमाराला कॅथलिक झाले. लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांनी गेलिक बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. हे ठाऊक असलं की पुस्तकात शेती आणि मासेमारी पुन्हा पुन्हा का येते ते लक्षात येतं.

पहिलं प्रकरण छोटं आहे आणि झोप उडवणारं आहे. समजा, एखाद्या देशात विज्ञानाविरुद्ध दंगे उसळले. प्रयोगशाळा जाळल्या, शास्त्रज्ञांना मारलं, पुस्तकं नष्ट केली. काही पिढ्यांनी लोकांना विज्ञान परत हवंसं वाटलं, पण हाताशी उरली फक्त अर्धवट प्रकरणं, जळकी पानं, संदर्भ तुटलेली सूत्रं. मुलं ती सूत्रं पाठ करतात, मोठे त्यावर वाद घालतात, आणि ज्या व्यवस्थेत त्या सूत्रांना अर्थ होता ती गेली आहे हे कुणाच्या गावीच नसतं. मॅकिन्टायर म्हणतात, आपली नीतीची भाषा आज अशा अवस्थेत आहे. म्हणूनच युद्ध, गर्भपात, खासगी शाळा-दवाखाने या विषयांवरचे वाद कधीच मिटत नाहीत. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणाहून उचललेला तुकडा घेऊन बोलत असतो, आणि दोन तुकडे एका मापाने मोजायची सोय उरलेली नसते.

पाचव्या प्रकरणात शेतकरी येतो. ह्यूम या तत्त्वज्ञापासून आम्हाला शिकवलेलं असं की वस्तुस्थितीतून मूल्य निघत नाही, ‘आहे’ वरून ‘असावं’ ठरत नाही. मॅकिन्टायर दोन साधी उदाहरणं देतात. घड्याळ वेळ नीट दाखवत नाही आणि जवळ बाळगायला जड आहे. म्हणजे ते वाईट घड्याळ. एका माणसाला एकरी उतारा परिसरात सगळ्यांत जास्त मिळतो, जमिनीचा कस राखण्याची त्याची पद्धत उत्तम आहे, प्रदर्शनात त्याच्या गाई पहिलं बक्षीस घेतात. म्हणजे तो चांगला शेतकरी. इथे मध्ये कुठलीच दरी नाही, कारण शेतकरी म्हटलं की शेतकऱ्याने काय करायचं हे त्यात आलंच. ‘माणूस’ हा शब्दही पूर्वी असाच वापरला जायचा, माणसाला काही गाठायचं आहे हे गृहीत धरून. ते गाठायचं ठिकाणच आपण पुसून टाकलं आणि नीतीचे नियम मात्र ठेवले. ते नियम आता कशासाठी पाळायचे, हे कुणाला सांगता येईना.

हा उतारा मी सासऱ्यांना मराठीत सांगितला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि पाळीच्या पाण्यात शेजाऱ्याचं मारत नाही ना, ते बघितलं का त्यांनी?” नानांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुस्तकात आहे, पण त्यासाठी चौदाव्या प्रकरणापर्यंत जावं लागतं.

चौदावं प्रकरण हा या पुस्तकाचा गाभा. त्यात एका सात वर्षांच्या हुशार मुलाचं उदाहरण आहे. त्याला बुद्धिबळ शिकायचं नाही, गोळ्या-चॉकलेट मात्र हवीत. आपण म्हणतो, खेळलास तर 50 सेंटची देईन, जिंकलास तर आणखी 50 सेंटची. मुलगा जीव लावून खेळतो. पण जोवर तो गोळ्यांसाठी खेळतोय, तोवर पकडलं जाणार नसेल तर लबाडी न करण्याचं त्याला काहीच कारण नाही. पुढे कधीतरी त्याला खेळाचीच गोडी लागते, डाव आधी दिसायला लागतो, चुरशीची मजा कळते. त्यानंतर त्याने लबाडी केली तर तो समोरच्याला नाही, स्वतःलाच हरवतो. ही जी गोडी आहे तिला मॅकिन्टायर त्या कामाच्या आतलं हित म्हणतात. ते त्या कामातच मिळतं आणि ज्याने ते काम केलंय त्यालाच ओळखू येतं. पैसा, मान, नाव ही बाहेरची हितं. ती कुठल्याही मार्गाने मिळू शकतात, आणि एकाच्या हातात जास्त गेली की दुसऱ्याला कमी उरतात. आतलं हित तसं नाही. क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेसने फलंदाजी एका नव्या पातळीवर नेली, तेव्हा खेळणाऱ्या सगळ्यांचाच फायदा झाला. असं आतलं हित असलेला, पिढ्यांनी घडवलेला, उत्तमतेच्या कसोट्या असलेला उद्योग म्हणजे त्यांच्या भाषेत ‘प्रॅक्टिस’. त्यात टिकायला न्याय, धैर्य आणि प्रामाणिकपणा हे तीन गुण लागतातच. नानांचं पाळीचं पाणी इथे येतं.

हे वाचताना मला एकच गोष्ट दिसत होती, रेसिड्यूचं सॅम्पल. निर्यातीच्या बागेत तोडणीआधी घड तपासायला नेतात, फवारलेल्या औषधाचा अंश त्यात उरलाय का ते बघायला. प्रत्येक औषधाचा पीएचआय ठरलेला असतो, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे. मण्यात पाणी उतरलेलं आहे, माल आठ-दहा दिवसांवर आलाय, आणि नेमका अवकाळी पाऊस येतो. भुरी, केवडा या रोगांची धास्ती बसते. कपाटात औषध आहे, फवारणीचा ब्लोअर दारात उभा आहे, रात्री बघायला कुणी नाही. ज्याला फक्त दर दिसतो त्याला त्या रात्री थांबवणारी एकच गोष्ट, पकडलं जाण्याची भीती. 2010 चा हंगाम आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. क्लोरमेक्वाट क्लोराईड, आपल्या बोलण्यातलं सीसीसी, युरोपात आपल्या द्राक्षांत सापडलं आणि कंटेनर अडकले. वेलीची वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जायचं, त्यात कुणी चोरी करत होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. तरीही तपासायच्या औषधांची यादी कितीही लांबवली तरी ती नेहमी मागच्या हंगामाची असते. पुढच्या हंगामात रात्री बागेत काय होणार, हे बागवाल्याच्या स्वभावावरच ठरतं. नियमांनी भरलेल्या नीतिशास्त्राला मॅकिन्टायर का कंटाळले, हे मला या एका उदाहरणावरून पुरतं कळलं.

संस्थांबद्दलचा भागही तितकाच खरा आहे. बुद्धिबळ ही प्रॅक्टिस, बुद्धिबळाचा क्लब ही संस्था. संस्थेशिवाय प्रॅक्टिस टिकत नाही, पण संस्थेला पैसा, सत्ता, पद यांची काळजी करावीच लागते, आणि त्या काळजीतच प्रॅक्टिसला कीड लागायचा धोका असतो. आमचंच बघा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र नसतं, बागायतदारांचा संघ नसता, तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड कसा धरतो हे आम्हाला कोण सांगणार होतं? पॅकहाऊस आणि प्री-कूलिंग नसतं तर माल न्हावाशेवापर्यंत टिकला नसता. पण याच साखळीतून एक सवय आली, की बाग चांगली की वाईट हे मण्याच्या मिलिमीटरवर ठरायला लागलं. 18 मिलिमीटरच्या पुढे मणी म्हणजे भारी बागायतदार. चव विचारणारा माणूस मला हल्ली क्वचितच भेटतो. नाना अजूनही घडाच्या टोकाचा मणी खाऊन बघतात, कारण साखर तिथे सगळ्यांत शेवटी भरते.

आता जिथे माझं आणि लेखकाचं पटत नाही ते सांगते. त्याच प्रकरणात एक वाक्य येतं: विटा रचणं ही प्रॅक्टिस नाही, वास्तुकला आहे; सलगम लावणं ही प्रॅक्टिस नाही, शेती आहे. वाचायला सोपं, बरोबरही वाटतं. पण मी ते घेऊन विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या, दिवसांत बागेत उभी राहिले.

विरळणीला आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडच्या बायांची टोळी येते. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी ज्वारीएवढे झाले की काम सुरू होतं. टोळीतल्या थोरल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. मावशी घड देठाला धरून फिरवतात, मण्यांना बोट लावत नाहीत. आधी आत दडलेले मणी कात्रीच्या टोकाने काढतात, मग दाट पाकळ्यांमधली, म्हणजे घडाच्या छोट्या फांद्यांमधली, एखादी पाकळीच मुळापासून उडवतात. घड हातात असतानाच त्यांना तो तोडणीच्या दिवशी कसा दिसणार हे दिसत असतं. 100 च्या आसपास मणी राहिले पाहिजेत, पण मावशी मोजत नाहीत. काडी बारीक असेल तर जास्त काढतात, वेल जोमदार असेल तर थोडे ठेवतात. एकदा मी विचारलं, “मावशी, या घडाला इतके का काढले?” त्यांनी वर बोट दाखवलं. त्या काडीवर पानं कमी होती. एवढ्या पानांनी एवढेच मणी पोसले जाणार, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. टोळीत नवी मुलगी आली की मावशी तिला आधी दोन-तीन ओळी नुसतं बघायला लावतात, मग कात्री देतात.

या कामाला आतलं हित नाही असं मला कुणी समजावून दाखवावं. उत्तम विरळणी कशी, बरी कशी, पाट्या टाकणं कशाला म्हणतात, हे त्या टोळीत पक्कं ठरलेलं आहे आणि ते त्याच ठरवू शकतात. मी बागेची मालकीण असले तरी मला ते त्यांच्याकडूनच शिकावं लागलं. नानांनी विरळणी कधी एकरावर उक्ती दिली नाही, नेहमी रोजाने. उक्तं दिलं की हात पळतो आणि घडाच्या आतलं तसंच राहतं. 1994 मधल्या एका लेखात मॅकिन्टायर यांनीच मासेमारीच्या दोन टोळ्यांचं उदाहरण दिलं, एक निव्वळ कमाईवर बांधलेली, दुसरी चांगली मासेमारी आणि एकमेकांची साथ यांवर बांधलेली. मग हाच माणूस विटा रचणाऱ्याला बाहेर का ठेवतो?

गंमत नाही, खेद वाटतो, कारण बाराव्या प्रकरणात त्यांनीच ॲरिस्टॉटलला याच मुद्द्यावर धरलं आहे. ॲरिस्टॉटलने गुलामांना आणि परकीयांना माणूसपणाच्या बाहेर ठेवलं, कारागिरांना खालचे मानलं, आणि म्हणून हाताने काम करणाऱ्याच्या अंगचे गुण त्याच्या सद्गुणांच्या यादीत दिसतच नाहीत, असं मॅकिन्टायर स्पष्ट लिहितात. दोन प्रकरणांनी पुढे गवंडी बाहेर. ही नुसती उदाहरणाची चूक म्हणून मला सोडून देता येत नाही. सद्गुण कामातून घडतात असं एकदा म्हटलं की कुणाचं काम मोजायचं हा प्रश्न सगळ्यात मोठा होतो.

आणि नाशिकमध्ये बसून हे पुस्तक वाचणाऱ्याला तो प्रश्न टाळता येणार नाही. मॅकिन्टायर म्हणतात की मानवी हक्क नावाची काही वस्तू नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे चेटकिणींवर नि एकशिंगी घोड्यांवर विश्वास ठेवणं. गुण परंपरेत घडतात, हक्क हवेत तरंगतात, असा एकूण सूर. पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दारात उभं राहून हे वाक्य परत वाचावं. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीने तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दार बंद ठेवणाऱ्यांच्या हातात परंपराच होती. बाहेर उभ्या असलेल्या हजारोंच्या हातात काय होतं? माणूस म्हणून असलेला हक्क. तो जर कल्पित, तर ती माणसं कशाच्या बळावर उन्हात उभी होती?

न्याय म्हणून मॅकिन्टायर यांची बाजूही सांगते, कारण ती कच्ची नाही. पंधराव्या प्रकरणात ते म्हणतात, जिवंत परंपरा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, समाजात रुजलेला एक वाद. आपलं खरं हित कोणतं, यावरचा वाद. ज्या परंपरेत वादच उरला नाही ती मेली किंवा मरायला टेकली. या मापाने बघितलं तर सत्याग्रही परंपरेबाहेरचे नव्हतेच, वाद जिवंत ठेवणारे तेच होते आणि दार लावणाऱ्यांनी तो मारून टाकला. हे मला पटतं. पण मग पुढचं पान नाशिक जिल्ह्यातच लिहिलं गेलं: 13 ऑक्टोबर 1935, येवला. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा. परंपरेने वाद ऐकलाच नाही तर माणसाने काय करायचं, याचं उत्तर ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये मला पुरेसं सापडलं नाही. बाबासाहेबांनी ते दिलं. ते नुसते हक्कांवरही थांबले नाहीत. 1956 ला बौद्ध धम्म घेताना पंचशील आणि 22 प्रतिज्ञा घेतल्या, म्हणजे माणसं घडवणारी दुसरी परंपरा निवडली आणि ती सगळ्यांना खुली ठेवली. हक्क आणि सद्गुण यांत एकच निवडावा लागतो, हे गृहीतक मॅकिन्टायर यांचं आहे. ते मी घेणार नाही, आणि आपल्याकडच्या वाचकाने तर मुळीच घेऊ नये.

शेवटच्या पानावर रोमचा अस्त आठवून ते लिहितात की या वेळी रानटी लोक सीमेपलीकडे थांबलेले नाहीत, ते आपल्यावर कधीपासून राज्य करतायत, आणि आपण वाट बघतोय ती एका नव्या, वेगळ्याच संत बेनेडिक्टची (रोमच्या अस्तानंतर मठांची परंपरा घालून देणारे ते संत). वाक्य जबरदस्त आहे. पण त्यावरून काही लोक जगापासून तुटून आपल्यापुरती वस्ती करायचा सल्ला काढतात, तो मला पुस्तकात दिसत नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या 2007 च्या प्रस्तावनेतही लेखक तसं म्हणत नाहीत.

थोडं खरेदीबद्दल. तिसरी आवृत्ती घ्या. मजकूर आधीचाच आहे, पण लेखकाने पंचवीस वर्षांनंतर मागे वळून लिहिलेली प्रस्तावना सुरुवातीला जोडली आहे, आणि 1984 च्या दुसऱ्या आवृत्तीत टीकाकारांना दिलेली उत्तरंही शेवटी आहेत. ती प्रस्तावना मात्र सगळ्यात शेवटी वाचा. आधी वाचली तर काहीच लागत नाही. इंग्रजी अवघड आहे. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, आणि ह्यूम, किर्केगार्ड, नीत्शे तुम्हाला ठाऊकच आहेत असं धरून चाललेलं. होमर, ॲक्वायनस, जेन ऑस्टिन, फ्रँकलिन सगळे येतात, युरोप-अमेरिकेबाहेरचं जवळपास कुणी येत नाही. छपाई बारीक आहे, रात्री दिव्याखाली डोळे दुखतात.

वाचायचा क्रम मी असा सुचवेन: पहिलं आणि दुसरं प्रकरण, मग सरळ चौदा आणि पंधरा. तिथे मन रमलं तर मागे येऊन पाचवं घ्या, मग नववं, ज्यात नीत्शे की ॲरिस्टॉटल असा सवाल टाकलाय. मॅनेजर या माणसाच्या प्रकारावर जे लिहिलंय तेही वाचा, विशेषतः नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत कंपनीत असाल तर. ‘परिणामकारकता’ या नावाखाली माणसांना कसं हलवलं जातं हे त्यात सोलून काढलंय. सहा ते आठ अडली तर सोडून द्या, काही बिघडत नाही.

हे पचलं की 1999 चं ‘डिपेंडंट रॅशनल ॲनिमल्स’ मागवा. ते पातळ आहे, भाषा सोपी आहे, आणि आजारी, म्हाताऱ्या, परावलंबी माणसांना त्यात मध्यभागी जागा दिली आहे. पहिल्या पुस्तकात ज्यांना बाहेर ठेवलं असं मला वाटलं, त्यांतले काही जण तिथे आत आलेत. गवंडी आणि माझ्या टोळीतल्या मावशी मात्र मला तिथेही भेटल्या नाहीत.